उजवीकडचा आरसा

नेब्रास्कातल्या आपल्या शेतावर म्हाताऱ्या एमिलनं जुन्या पिकअपला नवे आरसे बसवले. आरसा जुळवायला दोघं लागतात. पूर्वी तो बाहेरून आरसा फिरवायचा आणि त्याची बुटकी बायको लिबी स्टिअरिंगमागे बसून ओरडायची, "नुसतं आभाळ दिसतंय! मागून काय विमान येणार आहे?"

लिबी मार्चमध्ये गेली. त्यानं एकट्यानंच आत-बाहेर करत उजवा आरसा आपल्या उंचीला जुळवला आणि नट आवळला.

सकाळी आरसा खाली झुकलेला होता. त्यानं पुन्हा आवळला. तो पुन्हा झुकला, तेवढाच.

चौथ्या दिवशी एमिल सीटवर खाली सरकला, लिबीच्या उंचीला आला आणि त्यानं आरशात पाहिलं.

मागच्या चाकापाशी, हातात पाना घेऊन, तो स्वतःच उभा होता.

"आता तरी दिसतंय का गं?" बाहेरून आवाज आला.