आश्रुबा तात्यांची अँबॅसडर

सिदूनं डिस्ट्रिब्युटरची तार जराशी ढिली केली, बॉनेट लावलं आणि हात पुसत म्हणाला, "झाली गाडी, तात्या. घेऊन जा."

आश्रुबा तात्या खुशीत आत बसले. पांढरी अँबॅसडर लिंबागणेशच्या रस्त्याला लागली. उद्या दहाच्या आत ती धक्के खात परत येणार, हे सिदूला ठाऊक होतं.

गाडी मूळची साखर कारखान्याची. तात्यांनी ती बावीस वर्षं चेअरमनसाहेबांसाठी चालवली होती. दुष्काळात ऊस संपला, कारखाना बंद पडला. लिलावात गाडीसाठी कुणी हात वर करीना, तेव्हा तात्यांनी केला. स्प्रिंगचे पाटे बसलेले, मागच्या सीटमधून काथ्या बाहेर आलेला, एक दार दोरीनं बांधलेलं. तात्यांची इच्छा एवढीच होती, की हिच्यातून रोज दुधाचे दोन कॅन संस्थेत घालावेत आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यावं.

सिदूचं गॅरेज मांजरसुंब्याला. चार महिने त्याचं शटर खालीच होतं. दुष्काळात गिऱ्हाईक कुठलं, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. समोरून पाण्याचे टँकर रात्रंदिवस जायचे आणि बिघडले की पलीकडच्या गॅरेजात शिरायचे. त्याची बायको कडूबाई वारल्यापासून तो गॅरेजातच मागं झोपायचा. घरी जाऊन तरी काय करायचं?

एका सकाळी तात्यांच्या बायकोनं, बायनाबाईनं, ते शटर वाजवलं. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली होती. तात्या समोरच्या टपरीवर चहा घेत बसले होते. बायनाबाई हळूच म्हणाली, "सिदू, ह्यांचं काय खरं न्हाई बाबा. कारखाना बंद पडल्यापसून खाटंवर पडून ऱ्हातेत. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. ही गाडी तू लवकर नीट करू नको. हे रोज तुझ्याकडं आले म्हंजी झालं."

सिदूनं शटर वर केलं.

पहिले दोन महिने खोटं काही करावंच लागलं नाही. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, पाटे लोहाराकडून ठोकून आणले, सीटमध्ये नवा काथ्या भरला. रेडिएटरला पाणी लागायचं. तात्या घरी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे आणि उरलेली अर्धी गाडीसाठी कॅनमधून घेऊन यायचे. शटर उघडं दिसल्यावर टँकरवालेही डोकावायला लागले.

बायनाबाई दोघांपुरत्या भाकरी बांधून द्यायची. एकट्यानं यांना घास उतरत नाही, असा तिचा निरोप असायचा. म्हणून सिदू भूक नसली तरी सोबतीला बसायचा. जेवताना तात्या चेअरमनसाहेबांचे किस्से सांगायचे. एकदा साहेब मागच्या सीटवर गाढ झोपलेले असताना तात्यांनी त्यांना चुकून विरोधकांच्याच सभेत नेऊन उतरवलं होतं. साहेबांनी डोळे चोळत तिथंच हार घालून घेतला आणि दहा मिनिटं भाषणही ठोकलं. सिदूला हसता हसता ठसका लागला, तात्यांनी त्याच्या पाठीत थापटलं.

मग गाडी खरंच झाली. दोघं धारूरचा घाट चढून गेले. चारही काचा खाली, तात्यांचा एक हात हॉर्नवर. वर रस्त्यात मेंढरं आडवी आली. बंकट नावाचा मेंढपाळ काठी टेकून बघतच राहिला. कारखाना सुरू झाला का काय, असं त्यानं विचारलं.

"कारखाना न्हाई," तात्या म्हणाले, "मी सुरू झालो."

ते ऐकून सिदू खूश झाला आणि लगेच धास्तावला. गाडी झाली म्हणजे तात्या घरी बसणार. घरी बसले की पुन्हा ती खाट. त्या संध्याकाळपासून तो रोज काहीतरी ढिलं करून द्यायला लागला. कधी प्लग, कधी तार, कधी कार्बोरेटरचा स्क्रू. ब्रेकला आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही, एवढं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

गंमत अशी, की त्यानं एक ढिलं केलं की सकाळी दोन निघायची. तार त्याची असायची, पण बॅटरीची क्लिप कशी सुटली हे त्याला उमजत नसे. जुनी गाडी म्हणून तो सोडून द्यायचा. नशिबानं ब्रेक मात्र कधी बिघडले नाहीत. तात्यांना विचारून उपयोग नव्हता. आपल्याला फक्त चालवायचं माहीत, इंजिनातलं ओ का ठो कळत नाही, असं तेच सांगायचे आणि सिदूचा पाना फिरायला लागला की शेजारी उभे राहून नवल करायचे.

पण आज तात्या लहान पोरासारखे हात हलवत गेले आणि सिदूला स्वतःची लाज वाटली. हा माणूस आता चांगला बोलतो, जेवतो, टपरीवर दहा जणांना हसवतो. त्याला किती दिवस फसवायचं? बायनाबाईकाकूला सांगून टाकावं, की तात्या बरे झाले, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या जीपनं लिंबागणेशला पोचला. काकूशी काय बोलायचं ते वाटेत दोनदा मनाशी म्हणून पाहिलं.

अंगणात अँबॅसडर उभी होती. बॉनेट वर होतं. तात्या आत वाकलेले होते, हातात पाना होता आणि तो सराईतपणे फिरत होता. पावलं वाजली तशी बायकोच आली असं समजून, मागं न बघता ते म्हणाले,

"अगं, आज फॅनचा पट्टा ढिला करून नेतो. कडूबाई गेल्यापसून पोरगं आत्ता कुठं हासाय लागलंय, दोन भाकरी खायलंय. तू म्हनलीस ते खरं हाय, अजून म्हैनाभर तरी ही गाडी नीट व्हायला नको."