अभेद्य सबस्टेशन

म्हैसूरच्या एका वीज सबस्टेशनचं नेटवर्क किती सुरक्षित आहे, हे तपासायला मृण्मयीला चोरासारखं आत शिरून दाखवायचं होतं. कंप्यूटरवरून तिची डाळ शिजेना. शेवटी फायबर दुरुस्तीचं सोंग घेऊन ती थेट दारात गेली, तर ड्यूटीवरच्या श्रीनिवासरावांनी परवानगी नाही म्हणून फाटकातूनच वाटेला लावलं. हिरमुसून तिनं तिथंच फोन लावला, "आई, इथं काही जमेना गं."

ते ऐकून श्रीनिवासराव किल्ली घेऊन धावत आले. "मराठी होय तुम्ही? आधी सांगायचं की ओ. या, स्वल्प कॉफी घ्या."

थोड्याच वेळात मृण्मयी कंट्रोल रूममध्ये त्यांच्याच खुर्चीत बसली होती.



"परक्याला हा पासवर्ड सांगत नाही बघा आम्ही," श्रीनिवासराव म्हणाले, "तुम्ही घरच्या म्हणून."