आत्याचा अंगठा

शाल्मलीचं लग्न गालांवर लिंबाएवढ्या दोन गाठी घेऊनच लागलं. पण तसं काही झालंच नाही असं समजून आपण आदल्या दुपारी जाऊ.

सकाळी गाल भरीव दिसावेत म्हणून त्यांत जेल भरताना क्लिनिकवाल्यांनी बजावलं होतं, की पहिला अंगठा ज्याचा लागेल, त्याचंच हे जेल जन्मभर ऐकेल. संध्याकाळी डॉक्टर अंगठा लावून गालांना आकार देणार होते. पण मध्ये हळद होती, हळदीचा पहिला मान आत्याचा, आणि नलूआत्याने तो दोन्ही गालांवर अंगठे दाबून वसूल केला. जेल तिथेच गोळा होऊन गाठी धरून बसलं.

आता शाल्मली दर दोन मिनिटांनी आरशात बघून परत येत होती.

“आत्या, नुसता अंगठा फिरव ना. गाठी जिरतील.”

“मी कोण गं? पत्रिकेत माझं नाव काकूच्या खाली.” नलूआत्याने अंगठे मुठीत मिटले.

“छापखान्याची चूक होती ती!”

“मग छापखान्याकडूनच जिरवून घे.”

शाल्मलीने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या यंत्राने लेखी अर्ज मागितला. तिने उभ्या उभ्याच लिहिला:

‘महोदय, आत्याचा रुसवा हा तांत्रिक बिघाड समजून तो उद्या सकाळी सव्वानऊच्या मुहूर्ताआधी वॉरंटीत दुरुस्त करून द्यावा, ही नम्र विनंती.’