छत्तीस सवाई

"मॅडम, ओठ हलवू नका," लॅपटॉपमधला माणूस इंग्रजीत दुसऱ्यांदा म्हणाला.

प्रियदर्शिनीने ओठ मिटले. अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा ती काचीगुड्याच्या आपल्या घरात, आपल्याच खोलीत बसून देत होती, आणि कॅमेऱ्यापलीकडे कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होता. सुरुवातीलाच त्याने लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवायला लावल्या होत्या. मग पलंगाखाली, मग टेबलाखाली, मग केस मागे सारून दोन्ही कान. खोलीत दुसरं कुणी नको, कागद नको, दार बंद. हिशेबाला एक छोटा पांढरा फळा तेवढा चालेल. तिला त्याचा राग आला नव्हता. संशय घेण्याचाच पगार होता त्याला.

तिचा स्वतःचा संशय दाराबाहेर बसला होता.

तिचे वडील नामदेवराव नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घरात आता दोघंच. तिच्या अमेरिकेला जाण्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणतानाही त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. नांदेडच्या वकिलांच्या मुलाचं स्थळ मात्र दर रविवारी चहाबरोबर निघायचं. आजची परीक्षा झाली की अर्ज जाणार होता. हुकली तर मुदत संपणार आणि वर्ष फुकट जाणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ठरल्याप्रमाणे ते आज विद्यानगरला मित्राकडे जाऊन बसणार होते. पण नेमका सकाळीच त्यांचा गुडघा धरला. आणि गुडघा धरलेल्या या गृहस्थांनी हॉलमधली जड खुर्ची स्वतः उचलून बरोबर तिच्या दाराशी आणून ठेवली. "मी चूप बसतो. तू आरामात सोडव," असंही वर म्हणाले.

पडद्यावर नवा प्रश्न आला. एका मंडळाचे सभासद पंचवीस टक्क्यांनी वाढले. मग नऊ जण सोडून गेले आणि सभासद होते तितकेच उरले. तर सुरुवातीला किती होते?

तिने फळ्यावर क्ष मांडला. सव्वा क्ष उणे नऊ बरोबर क्ष. म्हणजे छत्तीस. आता फक्त ताळा करून बघायचा. पडद्यावर कॅल्क्युलेटर होता, पण माऊसने एकेक आकडा टोचत बसण्यापेक्षा सवायकी बरी. सव्वापटीचा हा पाढा बाबांनी लहानपणी रोज संध्याकाळी तिच्याकडून घोकून घेतला होता. तो तिला मनातल्या मनात कधी यायचाच नाही, तोंडानेच म्हणावा लागायचा.

"छत्तीस सवाई..." ती पुटपुटली आणि अडखळली.

"पंचेचाळीस," दाराबाहेरून आलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतकं खणखणीत.

पडद्यावरचा प्रश्न नाहीसा झाला. "मॅडम, बाहेर कोण आहे? त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलवा."

नामदेवराव आत आले. लंगडत नव्हते, हे तिने पाहून ठेवलं. ते तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"सर," पर्यवेक्षकाने अदबीने विचारलं, "तुम्ही आत्ता यांना मदत केलीत का?"

तिचा जीव टांगणीला लागला. एक 'नो' पुरला असता. फोनवर बोलत होतो, पेपर वाचत होतो, म्हातारपणी तोंडाला येईल ते बडबडतो, काहीही चाललं असतं. पर्यवेक्षकालाही बहुधा असंच काहीतरी ऐकायचं होतं, कारण तो मुकाट्याने वाट बघत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात तिला बाबांचा चेहरा दिसत होता. वर्गात परीक्षेच्या वेळी असायचा तसा, शांत.

"येस," नामदेवराव म्हणाले. "आय हेल्प्ड हर."

"थँक यू, सर."

परीक्षा रद्द झाल्याची ओळ आली आणि तिच्याखाली एक निळं बटण. प्रियदर्शिनीने ते दाबलं, कारण दुसरं काही दाबण्यासारखं उरलंच नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो संताप.

"तोंडातून निघून गेलं, असं समजू एक वेळ," ती म्हणाली. "पण त्याने विचारल्यावर नाही म्हणायला काय झालं होतं, बाबा?"

"खोटं बोलू? मी?" नामदेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. "जिंदगीभर पोरांना कॉपी करताना पकडलं मी. माझ्या तोंडून खोटं निघतच नाही, तुला मालूम आहे."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की शेजारीपाजारी कुणी असतं तर भारावून गेलं असतं. शिवाय उद्या सगळ्या नात्यात हीच गोष्ट फिरणार, हेही तिला दिसलं: मास्तर पोटच्या मुलीसाठीसुद्धा खोटं बोलले नाहीत. त्यावर तिने रागावायचं तरी कसं?

तिने हाताच्या पंज्यानेच फळा पुसला.

"नांदेडच्या वकिलांना माझं वय सांगताना दोन वर्षं कमी केलीत," ती म्हणाली. "तेव्हा कसं निघालं?"

नामदेवरावांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

"दोन नाही," ते म्हणाले. "दीड."