बाकावरची मांजरी

"रक्त तपासलंय, लस टोचलीये, बिनघोर न्या एजे," म्हणत घरीच मांजरं विकणाऱ्या दमीराने खालच्या मजल्यावरच्या, वयाने मोठी म्हणून 'एजे' म्हणजे ताई म्हणायच्या त्या बुरुलला मांजरीचं पिल्लू विकलं. त्याला मांजरांमध्ये एकमेकांकडून पसरणारा ल्युकेमिया निघाला.

बुरुल भांडली नाही. मांजरीला बिनकांद्याचा मटणाचा शोर्पो पाजायचा, अंग विंचरायचं आणि तिला मांडीवर घेऊन इमारतीच्या दारातल्या बाकावर बसायचं, हा तिचा रोजचा नेम झाला. गिऱ्हाईक दिसलं की गोड हसून म्हणायची, "दमीराकडे निघालात? ही तिच्याकडचीच. लस टोचलेली म्हणे! ल्युकेमिया आहे हिला. तुम्ही आपलं आधी रक्त तपासून घ्या हं." गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरायचं.

महिन्याभराने दमीरा तणतणत खाली आली. "एजे, पुरे की आता! किती दिवस बसणार आहात अशा?"

बुरुलने मांजरीला कुरवाळलं.

"डॉक्टर म्हणालेत, नीट जपलं तर चार वर्षं सहज काढेल."