वाटेकरी

बाबल तांडेलाने "होऽ हेस्सा!" अशी आरोळी ठोकली, पण होडीला हात लावायला किनाऱ्यावर चिटपाखरूही नव्हतं. विजेच्या गाडीने एकटीनेच होडी उतारावरून पाण्यात सोडली आणि जराही आवाज न करता स्वतः वर येऊन उभी राहिली.

पूर्वी होडी लोटायला अख्खी वाडी जमायची. हात लावील त्याला मासळीचा वाटा, असा रिवाजच होता. मग ही आपली आपण चालणारी गाडी आली, हातांची गरज सरली आणि वाटेकरी एकेक करून शहरात पांगले.

दुपारी परतल्यावर बाबलने चार बांगडे गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

"काका, मी खात नाही," गाडी म्हणाली.

"हात लावलंस मां? मगे वाटो तुझो. खाव नको, पण मासो कसो होतो ता उद्या सांग. पूर्वी सगळे सांगत."

बांगडे कावळ्यांनी नेले.

सकाळी होडी पाण्यात सोडताना गाडी अदबीने म्हणाली, "काका, कालचे बांगडे उत्तम होते."

बाबलचा चेहरा उतरला. वाडीतल्या एकानेही उभ्या जन्मात त्याच्या मासळीला नावं ठेवल्याशिवाय वाटा पचवला नव्हता.