उणे गुणिले उणे

सगळ्या वर्गानं विरोधाची बाजू मागितली आणि तनुजानं एकटीनं समर्थनाची.

विषय होता, ‘मुलींनी घराजवळच्याच कॉलेजात शिकावं.’ बारावीच्या इंग्रजीत असा प्रश्न येतोच. एक मत दिलेलं असतं, त्याच्या बाजूनं किंवा विरोधात लिहायचं. करुणा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. हीच मुलगी कालपर्यंत पुण्याला जाऊन फिजिक्स शिकणार म्हणून साऱ्यांचे कान किटवत होती.

“मत बदललं का गं?”

“नाही मॅडम. सराव.”

खरं कारण दौलताबादला घरी बसलेलं होतं. तनुजाच्या मते तिचे वडील, अप्पाराव, म्हणजे नुसतं उणे चिन्ह. समोरून काहीही येवो, त्यांच्यातून जाताना ते उलटं होऊन बाहेर पडे. जेवायला बसा म्हटलं की त्यांना भूक नसायची. थांबा म्हटलं की ताट मागायचे. डॉक्टरांशीसुद्धा हुज्जत घालत, आणि गोळीच्या पाकिटावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं की मुकाट गिळत. पालकसभेत मॅडमनी मुलीला पुण्याला पाठवा म्हटलं, तर भर सभेत म्हणाले, मुळीच नाय.

परवा ते ठिबकचा पाईप आणायला म्हणून पुण्याला गेले आणि हात हलवत परतले. आईनं, आशाबाईंनी, विचारलं की पाईप इथं मिळत नाही का. नाय मिळत, म्हणाले. मग तिथं मिळाला नाही का? तिथं लई मिळतेत, म्हणाले आणि पाठ फिरवली.

अशा माणसाकडं पुणं मागणं म्हणजे पुणं घालवणं. त्यापेक्षा उणेच मागावं. उणे गुणिले उणे, बरोबर अधिक.

तनुजानं जीव ओतून लिहिलं. मॅडम सांगत, नुसतं मत नको, पुरावा द्या. समोरच्याचा आक्षेप आधीच ओळखून खोडून काढा. तिनं आईची दुखरी कंबर घातली, घरची भाकरी घातली, सीताफळांच्या हंगामात बागेत कमी पडणारे हात घातले. मॅडमनी पैकीच्या पैकी दिले आणि खाली इंग्रजीत शेरा मारला, याला उत्तर मलाही सुचत नाही.

संध्याकाळी तिनं तो कागद वडिलांपुढं धरला.

“आबा, हे माझं मत आहे. मला कुठंच जायचं नाही.”

“वाच. अन् वळीवळीचा अर्थ सांग.”

तिनं वाचलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. हे नवीन होतं. पण स्प्रिंग जितकी दाबावी तितकी उसळते, असं मनाशी म्हणून तिनं आईच्या कमरेचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मॅडमचा शेरा अप्पारावांनी स्वतः लावून वाचला, दोनदा. मग मोबाईल उचलून ते अंगणात गेले.

तनुजानं आईला डोळा मारला.

अप्पाराव परत आले ते घसा खाकरत. “पटलं, तने. इंग्रजीत लिहिलंय म्हणल्यावर खोटं कसं म्हणावं? पुण्याच्या होस्टेलवाल्या बाईला आत्ताच कळवलं, परवा आमच्या पोरीसाठी धरलेली खोली दुसरीला देऊन टाका.”